अनंतासाठी खणलेला खड्डा

अंगणाच्या कोपऱ्यात अनंत काही तग धरेना. थोरलीने एक रोप लावलं, ते मेलं. दुसरं लावलं, त्याची पानं पिवळी पडत गेली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, आणि कळ्या उमलायच्या आधीच गळून गेल्या. आईचा अनंताच्या फुलांवर फार जीव, म्हणून थोरलीनेही हट्ट सोडला नाही. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून बसवणारी ती. एखादी गोष्ट का जमत नाही हे कळेपर्यंत तिला चैन पडत नसे.

"माती ती माती," बाबा म्हणायचे. "तिच्यात काय एवढं बघायचंय?" आयुष्यभर मोटारी दुरुस्त करून ते आता घरी बसले होते. दुपारी त्याच कोपऱ्यात, भिंतीच्या सावलीला, वेताची खुर्ची टाकायची आणि तोंड उघडं टाकून घोरायचं, हा त्यांचा नेम. घर घेतल्यापासून त्यात खंड नव्हता.

तिसरं रोप घ्यायला गेली तेव्हा रोपवाटिकेतल्या बाईंनी आधी विचारलं, "माती कशी आहे तुमची?"

"मातीसारखी."

बाई हसल्या. "अनंत नखरेल असतो हो. त्याला जराशी आंबट माती लागते. चुना असला की रुसलाच. थोड्या मातीवर व्हिनेगर टाकून बघा, फसफसली तर चुना आहे. मग एक खड्डा खणा आणि बादलीभर पाणी ओता. तासन्‌तास साचून राहिलं तर मुळं कुजणार, हे धरून चाला."

रविवारी सकाळी थोरलीने वाटीभर माती घेऊन तिच्यावर व्हिनेगर ओतलं. माती अशी फसफसली की बाबा खुर्चीतून वाकले. "अरेच्चा! ही तर उकळतेय!"

कोडं सुटलं होतं. कुणीतरी कधीतरी इथे बांधकामाचा राडारोडा पुरला होता. सगळा उपसून चांगली माती भरायची, असं तिने ठरवलं. कुदळीला चुन्याचे गोळे लागत होते, विटांचे तुकडे लागत होते. खड्डा गुडघाभर झाला. सरळ पात्याचं फावडं नीट रुतावं म्हणून तिने दोन्ही पायांनी त्याच्यावर उड्याही मारल्या. शेजारी खुर्चीत बसून बाबा सूचना देत होते. नवं रोप त्यांच्या पायाशी होतं.

मग तिने बादली ओतली. पाण्याने खड्ड्यात एक गिरकी घेतली आणि ते गेलं. डोळ्यांदेखत गेलं.

"घे!" बाबांनी टाळी वाजवली. "म्हणे पाणी साचतंय का बघा! एक थेंब राहिला नाही. पहिल्या नंबराने पास तुझी माती."

थोरलीही खूश झाली. खात्री करावी म्हणून तिने दुसरी बादली आणून ओतली. तेही पाणी गडप झालं. ती वाकून बघत होती, तेवढ्यात खूप खालून, लांबून, पाण्यावर पाणी पडल्याचा आवाज आला.

"बाबा, ऐकलंत?"

"काय?"

उत्तर द्यायला तिला वेळ मिळाला नाही. खुर्चीचा मागचा पाय खचला. "आता हिला काय झालं," असं पुटपुटत बाबांनी दोन्ही हातांवर जोर दिला, आणि खुर्चीभोवती जमिनीत एक बारीक चीर सरसर पळत गेलेली थोरलीला दिसली. तिने बाबांचा शर्ट छातीशी मुठीत धरला आणि स्वतःला मागे झोकून दिलं.

जाड कापड फाटावं तसा आवाज झाला. खुर्ची गेली. फावडं गेलं, रोप गेलं. दोघं पायवाटेच्या फरशीवर आदळले, बाबा अर्धे तिच्या मांडीवर. आणि मग काहीच नाही. ती शांतता इतकी लांबली की थोरलीला वाटलं, खुर्ची कुठेच पडली नाही. त्यानंतर कुठे तळातून धप्प आवाज आला.

आई चहाचे कप घेऊन दारात आली. "झाला का खड्डा?"

"आई, तिथेच थांब! पाऊल टाकू नकोस!"

आईने समोर बघितलं. जिथे अंगण होतं तिथे काळं भोक होतं. तिने कप उंबरठ्यावरच ठेवले. मग ती चिडली. "अहो, दुसरी चप्पल कुठंय तुमची?"

बाबांनी आपल्या उघड्या पायाकडे पाहिलं. परक्याचा पाय बघावा तसं.

अग्निशमन दलाची माणसं आली, दोर बांधून वाकली, दिवा खाली सोडला. ती विहीर होती. दगडी बांधणीची, चांगली खोल, तळाशी काळं पाणी. कुणीतरी तिच्या तोंडावर लाकडं आणि पत्रे टाकले होते, त्यावर राडारोडा आणि वर माती पसरून अंगण करून टाकलं होतं. लाकडाचा बोटाने भुगा होत होता.

"ह्याच्यावर तुम्ही बसत होता?" त्यांच्या प्रमुखाने विचारलं.

"रोज," बाबा म्हणाले.

थोरलीच्या डोळ्यांसमोर एकेक यायला लागलं. धाकटीच्या जुळ्या मुली तिथे दोरीवरच्या उड्या मारायच्या. घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो काढला तोही त्याच कोपऱ्यात, आजीसकट. आणि आज फावड्यावर मारलेल्या उड्या! ती आत गेली आणि धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली. शेजारीपाजारी येत होते, "काळ आला होता पण वेळ आली नव्हती," असं जो तो म्हणत होता. पाचव्यांदा ऐकल्यावर ती स्वयंपाकघराचं दार लावून खाली बसली.

संध्याकाळी बाबा पलंगावर पाय वर घेऊन बसले होते. "मी तुझ्यावर ओरडलो ना गं?"

"कधी?"

"तू ओढलंस तेव्हा. शर्ट फाटेल म्हणून ओरडलो."

थोरलीला हसू आलं. तेही हसले, आणि हसता हसता रडायला लागले. तिने वडिलांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. काय करावं ते सुचेना, म्हणून ती त्यांचा चप्पल गेलेला पाय दाबत बसली.

विहीर दगडमातीने भरून घेतली, वर काँक्रीट टाकलं. थोरली पुन्हा रोपवाटिकेत गेली. झालेलं ऐकून बाई मटकन स्टुलावर बसल्या. "मीच पाणी ओतायला सांगितलं होतं हो."

"नसतं सांगितलंत तर ते एखाद्या दुपारी झोपेतच गेले असते," थोरली म्हणाली, आणि घाईने रोपांकडे वळली.

चौथा अनंत तिने अर्ध्या पिंपात, दाराजवळ, ओट्यावर लावला. खाली जाड वाळू, वर कुजलेल्या पानांचं खत आणि बाईंनी कालवून दिलेली आंबट माती. पानं हिरवीगार राहिली. पण बाबा ओट्यावरून खाली उतरेनात. कुणी चल म्हटलं की "गुडघा दुखतोय" म्हणायचे. गुडघा ठणठणीत होता हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एका सकाळी थोरली कामावर निघाली, तेव्हा बाबा कुदळीचा दांडा हातात घेऊन पायरीवर उभे होते. दांडा आपटायचा, कान द्यायचा, मग एक पाऊल टाकायचं, असं करत ते फाटकापर्यंत आले. घामाने डबडबले होते.

"येऊ का तुझ्याबरोबर रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत?" त्यांनी विचारलं.

"चला की," ती म्हणाली, आणि त्यांचा दुसरा हात घट्ट धरला.