खटाऱ्याचं इंजिन

"हमको खटारा नहीं मंगता," शोभावहिनींनी ठाकोरकाकांना तोंडावर सांगितलं आणि पदर खोचून त्या फाटकाकडे चालू लागल्या.

ठाकोरकाका चष्म्याच्या वरून बघतच राहिले. सुरतेच्या कतारगाममधल्या आपल्या अंगणात त्यांनी सकाळपासून ती अ‍ॅम्बॅसडर धुऊनपुसून उभी केली होती. "खटारो कोण आपे छे, बेन? आ तो गाडी छे!"

"तुमनेच बोला, खटारा है करके."

"एन्जिन खटारानुं छे. गाडी तो गाडी ज छे ने!"

"मंग? इंजिन खटारा शे, तर गाडी काय सोनानी शे का?" हे मात्र वहिनींनी अहिराणीत म्हटलं आणि माझ्याकडे बघून, जणू गाडी मीच विकत होतो.

वहिनींचा नवरा छगनभाऊ त्या वेळी गाडीच्या खाली होता. नुसते पाय बाहेर. तो कपाळाला ऑइल लावून बाहेर सरपटेपर्यंत वहिनी रिक्षात बसून गेल्यासुद्धा. काकांनी हातातलं फडकं बॉनेटवर आपटलं. माणसाला मुलीच्या स्थळाकडून नकार यावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. मला त्यांची दया आली आणि वहिनींचा राग. इतकी चांगली गाडी, हात न लावता नापसंत करायची म्हणजे काय?

वय झालं होतं गाडीचं, नाही कशाला म्हणू? काकांनी कितीतरी वर्षं ती हायवेवर पळवली होती, गावोगावच्या यंत्रमागांचे सुटे भाग विकत. मीटर दोनदा पूर्ण फिरून आलं होतं आणि तिसऱ्यांदा चाललं होतं, हे काकांनी स्वतः होऊन सांगितलं. मूळचं पेट्रोल इंजिन काढून त्यांनी छोट्या ट्रकचं डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं, रीतसर पास करून. ते चालू केलं की शेजारच्या घरातली कबुतरं उडायची. पण एकदा चालू झालं की झालं, थकणं त्याला माहीत नव्हतं.

आणि आम्हाला तसंच पाहिजे होतं. आमचा शेठ पांडेसऱ्याची मिल दसऱ्याला बंद करणार होता आणि नवी मिल त्याने झगडियाला टाकली होती. गावाचं नावच झगडिया, तिथे सुखाने कोण नांदणार! सुरतेहून रोज जायचं तर कामरेज, कीम, अंकलेश्वर आणि तिथून आत. रात्री आठला पाळी सुटली की परतीची एस.टी. नाही. शेठने कामगारांसाठी मिलच्या मागे पत्र्याच्या खोल्या बांधल्या होत्या, एका खोलीत आठ-आठ खाटा. मी स्टोअरकीपर, घरी दमेकरी आई. लखन बॉयलरवर, त्याची बायको बाळंतपणाला टेकलेली. रोज घरी परतणं आम्हालाही हवंच होतं, आणि डिझेल वाटून घ्यायला आम्ही तयार होतो. पण खरी गरज छगनभाऊची होती.

छगनभाऊ रंगाच्या मशीनवर ऑपरेटर. शिरपूरकडून सुरतेला आला तो एकटा, आणि चौदा वर्षं एकटाच राहिला. खोलीत दहा जण, खानावळीचा डबा, दिवाळीला आठ दिवस गाव. दोन वर्षांपूर्वी कुठे त्याने पांडेसऱ्यात स्वतंत्र खोली घेऊन वहिनींना आणि दोन्ही मुलांना आणलं. योगिता आता दहावीला, मराठी शाळेत. झगडियाला मराठी शाळा नाही. म्हणजे बिऱ्हाड हलवता येत नव्हतं, आणि तो खोलीत राहिला तर पुन्हा जुनंच सुरू. वहिनींनी मिल हलणार हे कळलं त्याच दिवशी सांगितलं होतं, "आते मी एकटी ऱ्हाव्वाव नही." भिशी त्यांनीच उचलली होती. गाडी घ्यायची हेही त्यांनीच ठरवलं होतं. आणि आता त्याच नाही म्हणत होत्या.

मला वाटलं, ट्रकचं इंजिन म्हटल्यावर बाईमाणूस आवाजाला बिचकली असेल. छगनभाऊलाही तेच वाटलं. त्या संध्याकाळी त्याने माझ्यादेखत समजूत घालायला सुरुवात केली आणि आगीत तेलच ओतलं.

"आवं, इतला लांब रोज जानं शे," तो म्हणाला. "खटारानंच इंजिन पाहिजे. नवं कोरं इंजिन काय कामनं?"

वहिनी पोळपाटावरून मान वर करून त्याच्याकडे बघत राहिल्या. "याडा व्हयनात का तुम्ही?"

"वहिनी, छगनभाऊ बरोबर बोलतोय," मी मध्ये तोंड घातलं. "सगळे हेच सांगतात. खटाऱ्याचं इंजिन असलं की चिंता नाही."

"तुम्ही पन?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी लाटणं बाजूला ठेवलं. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मी काय दूधपिती नही. खटारा गाडी लेवानी, ती रस्तामा बंद पडी, अन् मंग तुम्ही म्हनशात, काय करू, ऱ्हायनू तठेच. एकदाव, दोनदाव, मंग कायमनं. तुम्हले तठेच ऱ्हावानं शे ना? तर सरय सांगा. गाडीनं नाव कसाले करतस?"

 चौदा वर्षं ज्याने दर दिवाळीला परत येताना एस.टी.च्या मागच्या खिडकीतून गाव दिसेनासं होईपर्यंत बघितलं, त्याला त्याच्या बायकोने हे ऐकवलं. छगनभाऊ उठला, चपला घातल्या आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसला. मी त्याच्याजवळ बसलो. तो म्हणाला, "जाऊ दे कुंदन. तिचा जीव रोज टांगणीला लागणार असेल तर काय उपयोग? शेठकडे नाव देतो. खाट मिळेल."

मला सांगायला लाज नाही वाटत, मला त्या दोघांचा मनापासून संताप आला होता. दोघांना एकच गोष्ट पाहिजे होती आणि दोघं मिळून तीच मोडत होते.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी त्यांच्या गल्लीत गेलो. छगनभाऊ पाळीवरून आला नव्हता. वहिनी ओट्यावर बसून साडीला लेस लावत होत्या, माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलल्या. गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या आणि दोऱ्यांवर सगळ्यांची धुणी. तेवढ्यात योगिता नळावरून हंडा घेऊन पळत आली.

"आई, दोरी सोड लवकर! खटारो आव्यो!"

गल्लीच्या तोंडाशी कापडाचे तागे घेऊन ट्रक उलटा आत शिरत होता. नवाकोरा, नंबरसुद्धा घातला नव्हता, पुढे लिंबू-मिरची आणि झेंडूची माळ.

वहिनी दोरी सोडता सोडता तिच्यावर डाफरल्या, "खटारा कसाले म्हनस वं? कोरी करकरीत गाडी शे ती. ऐकी ना तो डायवर!"

"अगं आई, ट्रकले गुजरातीमा खटारोच म्हनतस," योगिता म्हणाली आणि हंडा घेऊन आत गेली.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो असा. वीस वर्षं सुरतेत काढल्यावर मला खटारा म्हटलं की ट्रकच दिसत होता. शब्दाला दुसराही अर्थ आहे, आणि आमच्या गावी तो एकच अर्थ आहे, हे मी साफ विसरून गेलो होतो. छगनभाऊही. आणि वहिनींना येऊन जेमतेम दोन वर्षं. आम्ही दोघे शहाणे त्यांना घसा कोरडा करून सांगत होतो, की भंगाराचंच इंजिन चांगलं, भंगाराचंच घेऊ!

"वहिनी," मी म्हटलं, "ठाकोरकाका काय म्हणाले तुम्हाला?"

वहिनी हातात दोरी घेऊन तशाच उभ्या होत्या. ओले कपडे पार मातीला टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग दुसरंच काहीतरी, आणि मग हसू यायला लागलं ते त्यांनी पदराने दाबलं. "म्हंजे तो म्हतारा ट्रकनं इंजिन सांगे का?"

"हो."

"अन् तुम्ही दोन्ही बाप्यासले तोंडं नव्हतात, ट्रक म्हनाले?"

मी मातीला टेकलेले ओले कपडे गोळा करायला लागलो. वहिनींनी लेसची साडी आत योगिताकडे टाकली, केस सारखे केले आणि म्हणाल्या, "चला भाऊ. कतारगाम."

आम्ही पोचलो तर अंगणात बारडोलीचे दोन जण गाडीच्या टायरांना लाथा मारून बघत होते. मी फाटकातच थांबलो. वहिनी मात्र थेट काकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि योगिताकडून शिकलेलं होतं नव्हतं तेवढं गुजराती त्यांनी एका दमात काढलं.

"काका, माफ करजो. अमारे गाममां खटारा एटले भंगार."

काकांनी चष्मा काढला. मग हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, खोकत खोकत ते खाटेवर बसले. "अरे रे रे! तो तमे समज्यां के हुं मारी गाडीने भंगार कहुं छुं? आखी जिंदगी एमां काढी में!" मग त्यांनी डोळे पुसले आणि बारडोलीवाल्यांकडे वळून हात जोडले. "भाई, गाडी तो बेननी थई गई."

त्यांनी वहिनींसाठी पुढचं दार उघडलं. मी मागे बसलो. बोलणं पक्कं होण्याआधी बेनने बसून बघितलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. कबुतरं उडाली. गाडी हायवेला लागली आणि काकांनी ती कामरेजच्या दिशेने सोडली. वहिनींनी आधी दाराची मूठ दोन्ही हातांनी धरली होती. जरा वेळाने एक हात सुटला. परतीच्या वाटेवर त्या काकांना विचारत होत्या की पाणी कधी घालायचं, थंडीत त्रास देते का, पंक्चर झालं तर दुसरं चाक कुठे असतं. नवऱ्याने दिवसभर कुठे काय खायचं, याची चौकशी करावी तशी ती चौकशी. मला मागे बसून बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

काकांनी गाडी थेट पांडेसऱ्यात वहिनींच्या गल्लीच्या तोंडाशी आणून उभी केली. नेमका तेव्हाच छगनभाऊ पाळीवरून चालत येत होता, खांदे पाडून. त्याने आधी गाडी ओळखली. मग पुढच्या सीटवर बायको दिसली आणि तो रस्त्याच्या मध्येच थांबला. मागून सायकलवाला घंटी वाजवून वाजवून थकला.

वहिनींनी काच खाली केली. "बठा."

"मी तर नाव दी उनू शेठजोडे," तो म्हणाला. रडवेला झाला होता. "खाट लिखी लिन्ही त्यास्नी."

"सकाय जाईसन कापी टाका."

बस्स. एवढंच बोलल्या त्या. छगनभाऊ माझ्याशेजारी येऊन बसला आणि त्याने माझा गुडघा इतका घट्ट दाबला की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होता. गाडी कुठे जाणार नव्हती, उभीच होती, तरी आम्ही चौघं बराच वेळ तिच्यात बसून राहिलो. खटाऱ्याचा घोळ काकांनी त्याला साग्रसंगीत सांगितला तेव्हा तो हसलाही नाही. नुसता "हां, हां" म्हणत वहिनींच्या पाठमोऱ्या अंबाड्याकडे बघत होता.

दसऱ्यानंतर आमची ये-जा सुरू झाली. पहाटे लखन, छगनभाऊ आणि मी, तिघं निघायचो, रात्री परत. पहिल्या रात्री गल्लीतल्या सगळ्या बाया दारात उभ्या होत्या, वहिनींनी गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, योगिताचा धाकटा भाऊ हॉर्न वाजवून मार खाईपर्यंत वाजवत होता. दुसऱ्या रात्री निम्म्या बाया होत्या. मग हळूहळू कोणी येईनासं झालं. इंजिनाचा आवाज गल्लीला सवयीचा झाला.

एकदा छगनभाऊ म्हणाला, जेवूनच जा. मी त्याच्या मागोमाग आत गेलो.

कोणी उठलं नाही. योगिता भिंतीला टेकून पाठांतर करत होती, तिने पाय तेवढे आखडून घेतले. धाकटा झोपला होता. वहिनींच्या मांडीवर साडी, बोटात सुई, तोंडात दोरा. त्यांनी मान वर न करता आम्हाला सांगितलं, "भाकर दुरडीमा शे, भाजी स्टोजोडे. आपला हाते ली ल्या, मन्हा हात गुंतेल शेतस."

मी एका दिवाळीला छगनभाऊबरोबर त्याच्या गावी गेलो होतो. तिथे त्याच्यासाठी पाट मांडला होता, पाटाभोवती रांगोळी, तांब्यावर पेला. वहिनी समोर वाढायला बसल्या होत्या, डोक्यावरचा पदर ढळू न देता. मुलं दाराआडून बघत होती आणि हा माणूस स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं लाजत जेवला होता. हळूच आणखी एक भाकरी मागायलाही संकोचत होता.

आता त्याने दोन ताटं घेतली. मला वाढलं, स्वतःला वाढलं, आणि भिंतीशी मांडी घालून बसला. पहिला घास घेतला.

"मीठ कोठे शे वं?"

"कोठे म्हंजे?" वहिनींनी दाताने दोरा तोडला. "जठे रोज ऱ्हास तठेच."

छगनभाऊने मागे वळून न बघता फळीकडे हात नेला आणि मिठाचा डबा काढला.