गाठ सुटू नये म्हणून

मी काळा पट्टा बोलतोय. कराटे शिकणाऱ्यांच्या कमरेला असतो, तो. माझा रंग बघून माणसं जरा दबकतात. त्यांना खरं सांगितलं तर पटणार नाही, पण माझ्याइतका भित्रा जीव त्या वर्गात दुसरा नसेल.

माझा जन्मच धास्तीत झाला. जाड सुती पट्ट्या एकावर एक ठेवल्या, वरून काळं कापड चढवलं आणि मला शिलाई मशीनखाली सरकवलं. एका टिपेला लागून दुसरी टीप, या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रत्येक टिपेला मी अंग आखडून घेत गेलो, आणि मशीन थांबल्यावरही ते तसंच आखडलेलं राहिलं.

मला घेतलं ते लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या एका बाईने. चाळिशी ओलांडल्यावर तिने कराटे सुरू केलं होतं. वर्गातली पोरं तिला मावशी म्हणायची, म्हणून मीही मावशीच म्हणतो. परीक्षा पास झाल्यावर सरांनी स्वतः मला तिच्या कमरेला बांधलं. माझी टोकं काही खाली पडेनात, पीळ दिलेल्या मिशांसारखी दोन्हीकडे ताठ उभी. पोरं खुदखुदली. मावशीही हसली.

पुढच्याच वर्गात घात झाला. मावशी एका मुलीशी लढतीचा सराव करत होती आणि माझी गाठ सैल होत चालली होती. मला ते कळत होतं, पण धरून राहायला अंगात लवचीकपणाच नव्हता. मी सुटलो, तिच्या पायात आलो आणि ती तोंडावर आपटली. ओठ फुटला. आता ही मला फेकून देणार, या विचाराने मी जमिनीवर आडवा पडून राहिलो.

सरांनी मला उचललं. म्हणाले, "नवा आहे हो. रोज हातात घ्या, वाकवा, पिळा, गुंडाळून ठेवा. वापराने मऊ होईल. पाण्यात मात्र घालू नका, रंग जाईल."

लॉन्ड्रीतल्या तिच्या मैत्रिणीचा सल्ला वेगळाच होता. "मशीनमध्ये टाक की. गरम पाण्यात दोनदा फिरला की सुतासारखा सरळ येईल."

पिशवीतून मला ते गरगरणारं मशीन दिसत होतं. माझी तर वाचाच बसली, म्हणजे असती तर बसली असती.

"नको गं," मावशी म्हणाली, "आक्रसला तर कायमचा वाकडा होईल."

घरी मावशीचे वडील होते, अण्णा. सगळं आयुष्य ट्रक चालवण्यात गेलेलं, मोठ्या हाडापेराचा माणूस. अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू लुळी पडली होती. पाय ओढत चालायचे, उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी दाबायला स्पंजचा चेंडू दिला, तर अण्णांनी तो पलंगाखाली भिरकावला. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

मावशी माझ्याशी झटत बसलेली त्यांनी पाहिली.

"काय करतेस?"

"मऊ करतेय, अण्णा. वाकतच नाही मेला."

"आण इकडे."

मी मनात हजार वेळा नको म्हटलं. त्यांनी डाव्या हाताने मला उजव्या मुठीत कोंबलं आणि पिळायला सुरुवात केली. नखं रुतत होती, टिपा करकरत होत्या. आता उसवणार, असं सारखं वाटायचं. पण त्यांचा तळवा घामाने ओला झाला होता. हात पुन्हा आपला होईल की नाही, याची त्यांना माझ्याहून जास्त भीती होती. लेकीला ते दाखवत नसत एवढंच.

रोज मावशी कामावर गेली की आमची ही झटापट चाले. हळूहळू माझ्या कडा मवाळ झाल्या. अण्णांचं एक बोटही उघडायला लागलं.

एका दुपारी अण्णा मला खांद्यावर टाकून एकटेच न्हाणीघरात गेले. कुणाला हाक मारायची त्यांना लाज वाटायची. ओल्या फरशीवर पाय सरकला आणि ते बादली नि भिंतीच्या मध्ये अडकून बसले. मी त्यांच्या मांडीखाली. माझा रंग सुटून काळं पाणी मोरीकडे वाहू लागलं. डोळ्यांदेखत आपण संपतोय, असं वाटत होतं. अण्णांनी मला ओढून काढलं, नळावर टाकून उठायचा प्रयत्न केला. मी निसटलो. पुन्हा टाकलं, पुन्हा निसटलो. मग ते मला छातीशी धरून नुसते बसून राहिले.

मावशी जेवायला घरी आली. दारातून पाहिलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला, पण आवाज शांत होता.

"लागलंय का कुठे, अण्णा? डोकं, कंबर?"

"नाही. हात ओढू नकोस, खांदा दुखतो."

"नाही ओढत."

तिने मला त्यांच्या कमरेभोवती घेतलं आणि गाठ मारली. माझ्या जिवाचं पाणी झालं. तिच्या कमरेवरून सुटलो तेव्हा ओठावर निभावलं होतं, इथे भिंत होती, नळ होता, म्हातारं हाड होतं. तिने मला दोन्ही बाजूंनी मुठीत धरलं. "मी म्हटलं की डाव्या पायावर जोर द्या. हं, आता."

त्या माणसाचं सगळं वजन माझ्यावर आलं. गाठ आवळत गेली, आवळत गेली, आणि राहिली. अण्णा उभे राहिले.

भिंतीला टेकून ते म्हणाले, "हाक मारायला हवी होती मी."

"शेजारच्या काकूंना हाक मारायची," मावशी म्हणाली. "मी नसले तरी त्या असतात." मग ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि रडली.

मला सावलीत सपाट वाळवलं. आता मी काळा कसला, राखी म्हणायचा. एक कड विरलीय. हल्ली वर्गाला निघण्याआधी मावशी मला अण्णांच्या कमरेला बांधते आणि मागून धरून दारापर्यंत चालवते. मग सोडून स्वतःच्या कमरेला बांधते.

काल अर्ध्या वाटेत अण्णा थांबले. "आज धरू नकोस," म्हणाले.

तिने हात काढला. गाठ घट्ट होती, पण मला धरणारं कुणी नव्हतं. अण्णांचा पाय फरफटत पुढे गेला, मग दुसरा. दार अजून लांब होतं. मावशे, तू हात सोडलास ते बरंच केलंस. पण फार मागे राहू नकोस गं.