नऊशे नव्व्याण्णव नंबरचा माणूस

"थापाड्या, हा कागद खिडकीशी धर," सर म्हणाले.

मी धरला. कोपऱ्यात टाचणीची बारीक छिद्रं उजेडात चमकली. वरच्या ओळीत दोन, मधल्या ओळीत सात, खाली चार.

"दोनशे चौऱ्याहत्तर. या नंबरापुढे नोंदवहीत नाव आहे. आणि नोंदवही सकाळीच ते सरकारी साहेब घेऊन गेलेत."

मानसशास्त्र विभागात मी एकतीस वर्षं शिपाई. थापा मारण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, पण हे घडलं तसं सांगतो. दोन देशांतली माणसं एकमेकांना माणूस समजायचं कधी सोडतात, हा सरांचा जन्माचा विषय. विसराळू इतके, की एकदा ओली छत्री खुर्चीवर बसवून स्वतः कोपऱ्यात उभे राहिले होते. प्रश्नावली मात्र दरवर्षी चोख. तिचा शेवटचा प्रश्न असा: युद्ध पेटलं आणि पलीकडच्या देशातलं माणूस तुमच्या दारात आलं, तर लपवाल का? नाव लिहायचं नसे, म्हणून लोक मनातलं सांगत. कोणाचं उत्तर बदलतं ते कळावं म्हणून सर गुपचूप छिद्रं पाडत. आणि ही युक्ती परदेशातल्या परिषदेत त्यांनी स्वतःच कौतुकाने सांगून टाकली होती.

आता युद्ध पेटलं होतं. खिडक्यांच्या काचांवर कागदी पट्ट्या आल्या होत्या. सकाळी दोन साहेब आले, 'हो' म्हणणारे चारशे बारा कागद मोजून वेगळे ठेवून गेले. चारला गाडी घेऊन येणार होते.

"जाळून टाकू या की!"

"एक कागद कमी भरला तर आधी तुला उचलतील."

सरांच्या बायकोने, आमच्या बाईंनी, शिवणाचा डबा उघडला. सरांच्या बोटात सुई टोचू नये म्हणून पितळी अंगुस्तान चढवलं. "नाहीतर कागद सोडून स्वतःलाच टोचत बसाल."

तिघं टोचत बसलो. प्रत्येक ओळीत नऊ छिद्रं होईपर्यंत. दर कागद नऊशे नव्व्याण्णव.

"सर, वहीत या नंबराला कोण आहे हो?"

सर टोचत राहिले. बाईंची सुई थांबली. त्यांनी सरांकडे पाहिलं, मग पुढचा कागद ओढला.

चारला जिन्यात बूट वाजले. मोठ्या साहेबाने एक कागद उजेडात धरला, मग दहा, मग पन्नास. नोंदवहीवरून बोट उतरत शेवटच्या ओळीवर थांबलं.

"प्राध्यापक, हे तर तुमचं नाव."

"हो. माणसं मिळेनात, म्हणून सगळे कागद मीच भरले. चाळीस वर्षांचा अभ्यास बनावट आहे. लिहून घ्या."

माझ्या जन्मभराच्या थापा त्यापुढे पोरकट ठरल्या. साहेब हसला नाही. "सही कराल?"

सरांनी केली. ठसठशीत.

ते त्यांना घेऊन निघाले तेव्हा मी बाईंना हळूच म्हणालो, "अंगुस्तान त्यांच्या बोटातच राहिलंय."

"राहू दे."

लोखंडी कठड्यावर ते टक्, टक् वाजत खाली गेलं. तिसरा मजला, दुसरा, पहिला. बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मग गाडीचं दार लागलं.