पाहुण्यांची फेरी

निकिताला त्या सकाळी चोवीस सीटांवर निदान अठरा माणसं हवी होती. तेवढी भरली तर हिरापूर तांड्याची बस टिकणार होती, नाहीतर महिनाअखेर बंद.

ही बस म्हणजे यवतमाळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजचा प्रयोग. खेड्यातल्या वाहतुकीवर संशोधन काय कमी होतं? जाडजूड अहवाल निघतात आणि कपाटात उंदरांच्या कामी येतात. या खेपेला मात्र वरून विचारणा झाली होती, की बाबांनो, तुमच्या संशोधनाचा लोकांना फायदा काय झाला ते मोजून दाखवा. निकिता त्या प्रकल्पातली सगळ्यात धाकटी. सात महिने ती तांड्यात घरोघर हिंडली, कोण कधी कुठे निघतं ते लिहून काढलं आणि अकराची जुनी गाडी कुणाच्याच कामाची नाही हे दाखवून दिलं. अकराला तांडा शेतात असतो. मग तिच्या आकड्यांवरून छोटी बस सकाळी सव्वासातला घाटंजीला जाऊ लागली आणि पाचला परत येऊ लागली. तीन महिने गाडी रोज भरून जायची. तिला ती स्वतःचीच वाटायची, आणि ती बंद पडेल या धास्तीने पोरीला घास गोड लागत नव्हता.

मोजणीला नागपूरहून प्रकल्पाची तपासणी करणारे धोटे सर चार सहकारी घेऊन येणार होते. मोजणी आहे हे गावाला सांगायचं नाही, असा नियम होता. सांगितलं की लोक उगाच गर्दी करतात. म्हणून निकिताने तांड्याचे नायक रामधन यांना एवढंच कळवलं, की बस बघायला पाहुणे येणार आहेत.

घोळ झाला तो इथेच. हिरापूर तांड्यात पाहुण्यांची पंगत उठल्याशिवाय घरचा माणूस ताटावर बसत नाही. रामधन नायकांनी संध्याकाळी सगळ्यांना बोलावून फर्मावलं, की उद्याची सकाळची फेरी पाहुण्यांची. आपण तेवढं चालून जाऊ.

सकाळी निम्मा तांडा थांब्यावर. बस धुतलेली, काचेवर हळदकुंकू. पाहुण्यांना चहा पाजून, हाताला धरून खिडकीजवळ बसवलं. त्यानंतर कुणी पायरीवर पाय ठेवायला तयार नाही. निकिताने हात जोडले, डोळे वटारले, पण मोजणीचं तोंडातून काढता येईना. नायक शांतपणे म्हणाले, "पोरी, पाव्हणे बसले हायेत. आमी येतो मांगून." सव्वासात वाजले आणि ड्रायव्हर भारतने गाडी काढली. धोटे सरांनी प्रवाशांच्या रकान्यात शून्य लिहिलं. करायला गेले गणपती अन् झाला मारुती! निकिताला रडू फुटायचंच बाकी होतं.

दोन किलोमीटरवर रस्ता माणसांनी भरलेला दिसला. ज्यांना घाई होती ते पावणेसातलाच निघाले होते. दप्तर घेतलेली अंजू, कापूस वेचायला निघालेल्या बाया, आणि सगळ्यात पुढे डोक्यावर वालाच्या शेंगांचं गाठोडं घेतलेली साठीची धनीबाई. धोटे सरांनी बस थांबवली, खाली उतरले आणि म्हातारीला विचारलं, की गाडी असून तुम्ही पायी का?

"पाव्हण्यायच्या पंगतीत घरचा माणूस बसते काय, साहेब?" धनीबाई म्हणाली. "गाडी आमचीच हाये. उद्या बी हाये. आज तुमी बसा."

बसा म्हटलं तरी ती बसेना. शेवटी बस रिकामीच पुढे निघाली. आणि मागच्या काचेतून ती रांग बघता बघता निकिताच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिच्या अहवालातला एकच रकाना कोरा होता : बस नसती तर काय झालं असतं? लोकांना विचारलं की ते अंदाजपंचे सांगायचे. आज ते उत्तर आठ किलोमीटर चालत येत होतं.

घाटंजीला उतरताच तिने वही काढली आणि दिवसभर एकेकाला गाठलं. अंजूचे दोन तास बुडाले होते. वेचणीच्या बायांना नेणारा ट्रॅक्टर निघून गेला होता. धनीबाईची बाजारातली नेहमीची जागा दुसरीने धरली होती आणि ती मागे नालीकाठी बसली होती. तिच्यापुढे मात्र निकिताचा धीर सुटला. माझ्या अर्धवट बोलण्यापायी तुमचा दिवस वाया गेला, असं म्हणून तिने मोजणीचं सगळं सांगून टाकलं. धनीबाईने तिच्या हातात मूठभर शेंगा कोंबल्या आणि सोलायला लावलं.

धोटे सरांनी वही दोनदा वाचली. "'नसती तर काय?' हा प्रश्न मी तीस वर्षं विचारतोय," ते म्हणाले. "शून्य तर शून्यच राहील. पण त्याच्याखाली तुमची ही पानं जोडतो, आणि बस चालू ठेवा असं लिहितो."

निकिताला हसू आवरेना आणि डोळेही पुसायचे होते.

पाचला सहकारी जीपने गेले. सर मात्र बस पुन्हा बघायची म्हणून घाटंजीच्या थांब्यावर आले. तोवर गाडी गच्च भरली होती. सर दांडी धरून उभे राहिले आणि कुणी जागचं हललं नाही. निकिता ओशाळून कुणाला तरी उठवायला निघाली, तर धनीबाईने तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"सकाळी पाव्हणे होते, म्हणून बसवलं," ती म्हणाली. "आता घरचे झाले. राहू दे उभे."

सरांनी हसत दांडीवरचा एक हात सोडला आणि बोटाने माणसं मोजायला घेतली. सत्तावीस झाली. मग थोडं थांबून त्यांनी ते बोट स्वतःच्या छातीला लावलं आणि अठ्ठावीस लिहिलं.