हुसेनचाचांची सुरगाठ

हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात हुसेनचाचांच्या पायाचा अंगठा चमकायचा. शेलूबाजारात चिंचेखाली पोतं अंथरून ते बसत, रेशमाचं टोक त्या अंगठ्याला अडकवत आणि दागिने ओवू लागत. तेलानं मुरलेला, दोऱ्याच्या घासानं खाच पडलेला तो अंगठा मला त्यांच्या चेहऱ्याआधी आठवतो. धंदा पटवेकऱ्याचा, सवाष्णींच्या गळ्यातल्या पोती, लेकरांचे करदोडे, बैलांचे गोंडे त्यांच्या बोटांतून जात, आणि त्यांच्या हातची गाठ सुटल्याचं पंचक्रोशीत कुणी ऐकलं नव्हतं. या कीर्तीचा त्यांना एवढा अभिमान, की ती सांगताना त्यांची पांढरी दाढीसुद्धा ताठ होई.

अशा माणसाकडे मी सुटणारी गाठ मागायला गेले.

कारण आमची मांजर, बिजली. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आणि अकोल्याच्या दवाखान्याचं नाव त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती. बिजली त्यांच्या पायात यायची, मग दोघी एकदमच ओरडायच्या. तिच्या गळ्यात घुंगरू हवंच होतं. पण आधीचा बोका गळ्यातल्या सुतळीसकट तुराट्यांच्या कुंपणात अडकून मेला होता. त्याला मी माझ्या हातांनी सोडवलं होतं. ते मला पुन्हा करायचं नव्हतं.

"चाचा, घुंगरू वाजलं पाह्यजे, पन मांजर अडकली का गाठ सुटली पाह्यजे."

चाचांचे हात थांबले. "सूनबाई, माह्या बापानं मले गाठ माराले शिकवलं. असली ढिली गाठ कोनी पाह्यली, त माह्याकडं कोन येईन?"

मी बोक्याचं सांगितलं. त्यांनी अंगठ्याचं रेशीम सोडवून बाजूला ठेवलं. मग, आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करून, पिशवीच्या तळातून त्यांनी कच्चं सूत काढलं.

दुसऱ्या दिवशी ते घरी आले. सासूबाईंनी बिजलीला पदरात गुंडाळून धरलं, आणि नव्या नवरीची पोत बेतावी तितक्या गांभीर्यानं चाचांनी दोऱ्याखाली दोन बोटं सरकवून पाहिली. फास नको आणि पंजाही अडकायला नको. सुरगाठ बसली आणि त्याच क्षणी बिजलीनं त्यांचा तो प्रसिद्ध अंगठा ओरबाडला.

"गाठ कोनं मारली, कोनाले सांगू नका," अंगठा चोखत ते म्हणाले.

माघ सरताना एका सकाळी कुंपणातून घुंगरू वाजू लागलं. वाजत होतं, पण जागचं हलत नव्हतं. मी धावत सुटले. बाजाराला निघालेले चाचा रस्त्यावरून माझ्याआधी कुंपणाशी पोचले. तुराटीच्या टोकाला घुंगरासकट नुसतं सूत वाऱ्यावर लोंबत होतं. तेवढ्यात घरातून सासूबाई ओरडल्या, "अवं, पुना पायात आली हे!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चाचांनी ते सूत उचललं आणि भर रस्त्यात ओरडले, "सुटली, सूनबाई, सुटली!" त्या दिवशी बाजारात येईल त्या गिऱ्हाइकाला ते सूत दाखवत होते. "माह्याच हातची गाठ हाय!"

त्यांनी ओवलेली माझी पोत अजून शाबूत आहे. त्यातली एकही गाठ हललेली नाही. चाचा गेले, सासूबाई गेल्या, बिजलीही केव्हाच गेली. पण वाऱ्यावर कुठं काही किणकिणलं, की मी अजून हातातलं काम टाकून थांबते, घरातून कुणी ओरडतंय का ते ऐकत.