गोठ्यामागचा ट्रॅक्टर

फौजेच्या वर्कशॉपात नऊ वर्षं इंजिनं खोलून-जोडून इंद्रभान १९७६ च्या होळीला कामरगावजवळच्या आपल्या खेड्यात, बुद्धविहारामागच्या घरी परतला. त्याच्या कसबाचं गावात काही काम नव्हतं. पिठाची चक्की होती, ती चालत होती. तुळसाबाईच्या गोठ्यामागे एक ट्रॅक्टर होता, तो मेला असं सगळ्यांनी धरलेलं.

तुळसाबाईच्या नवऱ्यानं, जानरावानं, तो जुनाच विकत घेतला होता. दोन हंगाम चालवला आणि जानराव तापानं गेला. चार पावसाळे ट्रॅक्टर उघड्यावर. सीटवर कोंबड्या अंडी घालत, चाकांभोवती तरोट्याचं रान माजलेलं. एके दिवशी दीर उकंडराव भंगारवाल्याला घेऊन आला, तसा तुळसाबाईनं इंद्रभानाला निरोप धाडला.

"चालू होईन का हे?" तिनं विचारलं.

इंद्रभानानं हँडल लावून जोर केला. इंजिन तसूभर हललं नाही. मग त्यानं धुराच्या नळकांड्यात डोकावून पाहिलं. तोंड उघडंच होतं.

"पाणी इथून आत गेलं, काकू. पिस्टन जाम झाला. पन हे मरन नाई, आजार हाय. धा दिवस द्या मले."

उकंडराव हसला. "फौजेत नव्या पार्टाच्या पेट्या येतात बाबू. इथं काय येईन?"

"इथं मी आलो ना," इंद्रभान म्हणाला.

भंगारवाला तसाच परत गेला.

इंद्रभानानं इंजिनाचं डोकं उतरवलं. तीन सिलिंडरांपैकी दोन बरे होते, तिसरा जुन्या तव्यासारखा गंजला होता. त्यात त्यानं रॉकेल आणि तेल ओतलं आणि रोज सकाळी बाभळीचा ठोकळा पिस्टनवर धरून हलक्या हातानं ठोकू लागला. तुळसाबाई नट-बोल्ट परातीत धुवायची आणि ज्या जागचे त्या जागचे वेगळ्या चिंधीत बांधायची. "हा कायले लागते?" असं प्रत्येकाचं विचारून घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी तिला ते पाठ असायचं. पहिल्या दिवशी इंद्रभानाचा चहा बाहेर ओट्यावर आला होता. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आत ये. चुलीजवळ बसून घे." उकंडरावानं ते पाहिलं, आणि तिनं उकंडरावाला पाहिलं. मग तिनं कप इंद्रभानाच्या हातात दिला.

सहा दिवस पिस्टन हलला नाही. सातव्या दिवशी ठोकळ्याखाली काहीतरी केसभर सरकल्याचं इंद्रभानाच्या तळहाताला कळलं. तो थांबला नाही, त्याच तालात ठोकत राहिला. दुपारपर्यंत पिस्टन मोकळा झाला होता. मग तो बसनं कारंज्याला जाऊन नव्या रिंगा आणि डोक्याखालचं पॅकिंग घेऊन आला आणि इंजिन पुन्हा जोडलं. टाकीतला काळा गाळ काढला, डिझेलच्या नळ्या फुंकून साफ केल्या.

दहाव्या दिवशी निम्मं गाव गोठ्यामागे जमलं. बॅटरी केव्हाच गेली होती, म्हणजे हँडलनं फिरवायचं. पण इंजिनानं वेग घेतला की वर बसलेल्यानं, तोवर ओढून धरलेला, सिलिंडरातला दाब मोकळा ठेवणारा खटका सोडायला हवा होता.

"मी नाई बसत. उधळला तं?" उकंडराव मागे सरला.

तुळसाबाईनं लुगड्याचा कासोटा घट्ट केला आणि वर चढली. "खटका कोनता, थे मले ठाव हाय," ती म्हणाली.

पहिल्या खेपेला तिनं घाई केली. हँडल उलटं फिरलं आणि इंद्रभानाच्या मनगटावर बसलं. तिचा चेहरा उतरला.

"माहं चुकलं रे."

"चुकलं नाई, जरा आधी झालं. मी 'सोडा' म्हनल्यावरच सोडा." मनगटाला रुमाल बांधून त्यानं डाव्या हातानं हँडल धरलं. डिझेलच्या नळ्यांत अडकलेली हवा काढली. फिरवत राहिला, आणखी, आणखी. "सोडा."

इंजिन खोकललं, पांढरा धूर ओकलं आणि धडधडू लागलं. बाया कानावर हात ठेवून हसत होत्या. इंद्रभान धूर काळसर होऊन विरळ होईपर्यंत नुसता ऐकत उभा राहिला. तिन्ही सिलिंडर बोलत होते.

तुळसाबाई उतरली नाही. "आता पुढचं सांग."

"कोनतं पुढचं?"

"चालवाचं."

ट्रॅक्टर वावरात आपणच न्यायचा असं त्यानं मनाशी धरलं होतं. क्षणभर त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग बाजूला चढून उभा राहिला. "डाव्या पायाखाली क्लच. हळू सोडा, काकू."

पहिल्याच वळणावर तिनं कुंपणाचा एक खांब पाडला. आठवड्यानंतर मात्र ती सरळ तास काढत होती, आणि अक्षय्य तृतीयेच्या आत तिचं सगळं वावर खोल नांगरून झालं.

मग एका सकाळी उकंडराव ओट्याशी येऊन उभा राहिला. "वयनी, माह्या वावरात कवा येता?"

तुळसाबाईनं चुलीजवळ चहा पीत बसलेल्या इंद्रभानाकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली.

"सोमवारी येतो आमी," ती म्हणाली. "तवरीक दगडं उचलून ठेवा, भाऊजी."