चुकायला शिकवलेलं यंत्र

यंत्राला मराठी शिकवता शिकवता मधुकररावांच्या चष्म्याचा नंबर वाढला. सरकारी योजनेत शाळांना संगणक मिळाले खरे, पण त्यांतले धडे सगळे इंग्रजी. धरमपेठेतल्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या या गृहस्थांना वरून हुकूम आला, धडे मराठीत करा. पडद्यावर साधा 'क' उमटवायचा तर आलेखाच्या कागदावर एकेक ठिपका मांडायचा, आणि 'क' जरा 'क'सारखा दिसू लागला की वीज जायची. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! तरी अपूर्णांकांचा धडा त्यांनी तडीस नेला. बरोबर उत्तराला 'शाब्बास', चुकलं की भोंगा.

कामठीच्या मुलींच्या शाळेत धडा बसवून दिला आणि दिवाळीनंतर पाहायला गेले, तर यंत्रावर भरतकामाचा रुमाल आणि कडेला हळदकुंकू. दसऱ्याला पूजा केली होती. त्यानंतर कुणी बोट लावलं नव्हतं.

"काहून, बाई? बिघडलं का?" त्यांनी सहावीला गणित शिकवणाऱ्या इंदुताईंना विचारलं.

"बिघडलं नाही सर, मस्त चालते. पण एखादीचं चुकलं, भोंगा वाजला, का साऱ्या फिदीफिदी हसतात. मंग कोन जाते त्याच्यापाशी? माह्या पोरी मुक्या होऊन राहिल्या."

"मग करू तरी काय?"

इंदुताई जरा घुटमळल्या. "त्याले चुकता येते का?"

मधुकररावांनी कपाळाला हात लावला. न चुकणारं यंत्र म्हणून सरकारनं ते आणलं आणि बाईंना ते चुकायला हवं होतं!

"मी फळ्यावर रोज एक गणित मुद्दाम चुकवते," बाई म्हणाल्या. "पोरी ओरडतात, 'बाई, चुकलं!' अन् काहून चुकलं ते सांगतल्याबिगर खाली बसत नाहीत. तुमचं यंत्र लय हुशार आहे सर. तोच वांधा आहे."

परतीच्या बसमध्ये ते मनातल्या मनात चरफडत राहिले. मास्तरणींना नवीन काही नकोच असतं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. पण दुसऱ्या दिवशी रजा काढून ते बाईंच्या वर्गात मागे बसले आणि त्यांनी तो आरडाओरडा आपल्या कानांनी ऐकला. घरी येऊन निमूटपणे धडा पुन्हा लिहायला घेतला. थकवा होताच, पण बाईंचं म्हणणं खरं होतं, त्याला इलाज नव्हता.

नव्या धड्यात यंत्र चुकायचं, आणि मुलींसारखंच चुकायचं. वरचे आकडे वरच्यांत, खालचे खालच्यांत मिळवायचं. पोरींनी ओरडायचं, खरं उत्तर टाकायचं, मग यंत्र कबूल करायचं, 'चुकलो!' रुमाल घडी होऊन कपाटात गेला. यंत्रापुढे रांगा लागू लागल्या.

आता उरली होती योजना पाहणाऱ्या मुंबईच्या साहेबांची पसंती. ती मिळाली तर धडा जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत जाणार. नाही मिळाली तर यंत्र परत जाणार, मधुकरराव कॉलेजात परत आणि सगळी मेहनत पाण्यात.

साहेब आले. हेडबाईंनी सकाळीच, इन्स्पेक्शनला देतात तसा, दम भरला होता: पाहुण्यांपुढे जी तोंड उघडेल तिची खैर नाही. हे मधुकररावांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पडद्यावर गणित आलं: एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. यंत्रानं उत्तर दिलं: दोन पंचमांश.

कुणी ओरडलं नाही. मुली हाताची घडी घालून बसल्या होत्या. इंदुताईंनी डोळ्यांनी खुणावलं, तरी एकही ओठ हलेना.

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, मान डोलावली. "वा! झटक्यात बरोबर उत्तर. मुलींनो, लिहून घ्या."

साऱ्या वर्गानं माना खाली घातल्या आणि दोन पंचमांश उतरवून घेतलं.

मधुकरराव पुढे झाले, थबकले. गप्प बसलं की काम फत्ते. साहेब खूश होते, सहीचं पेन हातातच होतं. इंदुताई मधुकररावांकडेच बघत होत्या.

"साहेब, ते उत्तर चूक आहे," ते म्हणाले.

पुढचं साहेबांनी ऐकून घेतलंच नाही. 'मुद्दाम', 'पोरींसाठी', 'बाईंची पद्धत', सगळं हवेत गेलं. स्वतःची चूक चारचौघांत निघाल्यावर कोण ऐकतो? "चुकणारं यंत्र शाळेत ठेवायचं नाही," एवढं बोलून ते चहाही न घेता निघाले. हेडबाई मागे धावल्या.

मधुकररावांनी खाली वाकून यंत्राची तार काढली. इतके दमले होते की भिंतीला टेकून खालीच बसले. इंदुताईंनी हलक्या आवाजात सांगितलं, "खोडा गं पोरींनो ते." रबरं निघाली.

मधुकररावांच्या शेजारच्या मुलीनं मात्र खोडलं नाही. वहीवर हात ठेवून तशीच बसली.

"खोड ना, बेटा. चूक आहे ते."

"पण साहेब तं बरोबर म्हणाले," ती म्हणाली.

मधुकररावांनी डोळे मिटले. मग तिची पेन्सिल मागून घेतली.

"बरं," ते म्हणाले, "समज, तुझ्यापाशी अर्धी भाकर आहे..."